अबोलीवरचं टिंब

आधीच सांगते, माझं अक्षर चांगलं नाही आणि शुद्धलेखन त्याहून वाईट आहे. चौथीपर्यंत शाळा झाली, पाचवीची शाळा दुसऱ्या गावात होती, तिथे कुणी पाठवलं नाही. वेलांटी पहिली की दुसरी, हे मला अजून कळत नाही. टिंबाची शंका आली की मी टिंब देऊन टाकते. कमी पडण्यापेक्षा जास्त बरं, असं मला वाटायचं. त्या सवयीपायी काय झालं तेच इथे लिहिणार आहे. ही वही मुलीची आहे, मागची पानं कोरी राहिली होती. कुणी वाचेल असं वाटत नाही, पण वाचलंच तर चुकांची माफी असावी.

मरोळला एका बंद पडलेल्या कारखान्याच्या भिंतीला लागून काकांची नर्सरी होती. लांबीला पन्नास पावलं आणि रुंदीला सहा. मी तिथे पाच वर्षं कामाला होते. कुंड्या भरायच्या, पाणी घालायचं, पिशव्यांमध्ये माती घालून रोपं लावायची. काकांना सगळे नर्सरीवाले काका म्हणायचे, मीही काकाच म्हणत होते.

काका त्याच कारखान्यात टाइमकीपर होते. कोण किती वाजता आला, किती वाजता गेला, कुणाचं कार्ड पंच झालं, कुणाचं नाही, हे बघण्यात त्यांची तीस वर्षं गेली. कारखाना बंद झाला तेव्हा बाकीचे लोक आपापल्या वाटेने गेले. काका गेटच्या बाहेर आले आणि तिथेच थांबले. भिंतीच्या आत त्यांची खुर्ची होती, भिंतीच्या बाहेर त्यांनी दुसरी टाकली. फरक इतकाच की आत माणसं होती आणि बाहेर झाडं.

पण त्यांच्या लेखी काही फरक पडला नव्हता. सकाळी बरोबर आठ वाजता ते लोखंडाच्या तुकड्यावर हातोडी मारायचे. मग खाकी शर्टाच्या खिशातलं पेन काढून लांब हजेरीबुक उघडायचे.

"मोगरा, बारा."

मी मोजून मान हलवायची.

"जास्वंद, लाल, नऊ."

"जास्वंद, पिवळी."

पिवळी एक कमी असली तर ते पेन थांबवायचे. "खय गेली?"

विकलं गेलेलं झाड बदलीवर. चोरीला गेलेलं फरार. वाळलेल्या झाडाने राजीनामा दिलेला असायचा. झाड मेलं असं ते कधी लिहीत नसत. लग्नाच्या हॉलवर दोन दिवसांसाठी भाड्याने गेलेल्या पामच्या कुंड्या ओव्हरटाइमवर असायच्या आणि परत आल्यावर त्यांना एक दिवस सावलीत सुट्टी मिळायची. त्या दिवशी त्या कुणालाही द्यायच्या नाहीत, मग गिऱ्हाईक कितीही मोठं असो.

हजेरी घेताना काका शुद्ध मराठी बोलायचे. रागावले की मालवणी. आणि ते दिवसातून बरेचदा रागवायचे.

बोन्सायवर त्यांचा फार राग. एका बाईने विचारलं, "काका, बोन्साय ठेवत नाही का?" काका म्हणाले, "बाई, तीस वर्षं कामाला आहे आणि एकदाही बढती नाही, असा कामगार मी कारखान्यात पाहिलाय. परत बघायची इच्छा नाही." मनीप्लांट घरात लावलं की पैसा येतो का, असं विचारणाऱ्याला ते मनीप्लांट विकतच नसत. "तेका पगारी माणूस समजू नका," म्हणायचे. रोप घ्यायला आलेल्या माणसाची आधी ते मुलाखत घेत. खिडकी कुठल्या दिशेला, घरात दिवसा कोण असतं, मे महिन्यात गावी गेलात तर पाणी कोण घालणार. एकदा एका गृहस्थांनी चिडून विचारलं, "अहो, मी झाड घेतोय की मुलगी मागायला आलोय?" काका शांतपणे म्हणाले, "मुलगी फोन करून सांगते तरी, पाणी दिलं नाही म्हणून."

फुलं न येणाऱ्या झाडाला ते मेमो द्यायचे. खरोखरचा, कागदावर. तो लिहायचं काम माझं. "आपण तीन महिन्यांत एकही कळी काढलेली नाही. आठ दिवसांत खुलासा करावा." तो कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून काडीला बांधून कुंडीत खोचायचा. आता झाड काय खुलासा करणार? पण मेमो दिल्यावर काका त्या कुंडीची माती बदलायचे, जागा बदलायचे, फांद्या छाटायचे. मग फूल यायचंच. लोकांना मात्र वाटायचं की मेमोनेच आलं. वाकोल्याहून एक बाई लिंबाची कुंडी घेऊन रिक्षाने आल्या. चार वर्षं एकही लिंबू नाही म्हणे. "जरा कडक लिहा," असं त्या मला म्हणाल्या. मी 'शेवटची ताकीद' असं लिहिलं. पावसाळा संपल्यावर त्या पुन्हा आल्या, हातात रुमालात गुंडाळलेलं एक लिंबू. काकांनी ते उजेडात धरलं, फिरवून पाहिलं आणि हजेरीबुकात लिहिलं, 'एक नग. समाधानकारक.'

आता मी लिहिण्याच्या कामाला कशी लागले, ते सांगते.

कारखान्यातल्या प्रेस मशीनच्या आवाजाने काकांचा डावा कान गेला होता. उजवा बरा होता. फोन ते नेहमी उजव्या कानाला लावायचे. पण नर्सरीत मी त्यांच्या डाव्या बाजूलाच असायची, कारण पाण्याचा नळ तिकडे होता. आणि माझा आवाज मुळातच बाहेर येत नाही. लहानपणापासून तसंच आहे. चार माणसं बघितली की घशात कापूस बसल्यासारखं होतं. कामाला लागले त्या पहिल्या आठवड्यात काका दिवसभर एकच ओरडत होते.

"मोठ्यान बोल गो! माका आयकाक येना नाय!"

मी आणखी गप्प व्हायची. शेवटी एक दिवस मी रोपांच्या पाटीवर लिहिलं, 'नळाला पाणी नाही', आणि त्यांच्यासमोर धरलं. काकांनी चष्मा वर करून वाचलं. मग माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "झाला! आजपासून हीच पद्धत."

त्या दिवसापासून आमचं छान जमलं. मला बोलता येत नव्हतं, त्यांना ऐकू येत नव्हतं, भांडण होणार तरी कसं. मी पत्र्याच्या लहान पाट्यांवर खडूने निरोप लिहायची, ते वाचून पुसून टाकायचे. मग रोपांची नावंही मीच लिहायला लागले, पांढऱ्या रंगाने, बारीक ब्रशने. जाई, जुई, सोनचाफा, कढीपत्ता. गिऱ्हाईकं वाकून माझं अक्षर वाचायची तेव्हा मी नळापाशी उभी राहून बघायची. गावात कुणी सांगितलं असतं, की मुंबईला तुझं लिहिलेलं लोक वाकून वाचतील, तर मी हसले असते. मला त्या पाट्यांचा अभिमान होता, हे मी कधी कुणाला सांगितलं नाही. इथेच लिहिते.

शिमग्याला काका दहा दिवस गावी जायचे. जाण्याआधी सगळ्या झाडांना सूचना लागायची: 'टाइमकीपर रजेवर आहेत. कामात ढिलाई चालणार नाही.' त्या वर्षी जाताना त्यांनी अबोलीच्या साठ रोपांची चांगली छाटणी केली. एकही फूल ठेवलं नाही. "केस कापले की डोक्याक हवा लागता," म्हणाले. अबोलीची जुनी पाटी उन्हाने पुसट झाली होती, ती नवीन लिही असं सांगून ते गेले.

मी मोठी पाटी घेतली आणि नीट, सावकाश लिहिलं. लिहिताना शंका आली. अ वर टिंब आहे की नाही? मी देऊन टाकलं. 'अंबोली.' लांबून बघितलं, मला छान दिसलं.

तिसऱ्या दिवशी एक माणूस आला. तीस-बत्तीसचा, केसांची शेपटी बांधलेली, गळ्यात मोजायची टेप. तो बंगल्यांच्या बागा करून देणारा होता, लॅण्डस्केपवाला. रांगेपाशी आला आणि पाटी वाचून थबकला.

"ताई, आंबोली? खरंच?"

मला ऐकू आलं अबोली. मी मान हलवली. खरंच नाहीतर काय.

"घाटावरची?"

आता हा प्रश्न मुंबईत मला लोक नेहमी विचारतात, माझं बोलणं ऐकून. मी आहेच घाटावरची, आमचं गाव जालन्याकडे. पण मी तर अजून तोंडही उघडलं नव्हतं, याला कसं कळलं, म्हणून मी जरा लाजले आणि परत मान हलवली.

"च्यायला," तो स्वतःशीच म्हणाला. खाली बसून त्याने पानं हाताने चाळली. फूल एकही नव्हतं. "कशी देता?"

तीस रुपये. मी तीन बोटं दाखवली.

"तीनशे?" तो म्हणाला. "ताई, दोनशे करा ना."

मी मान हलवली, नाही. म्हणजे शेकडा नाही, तीस. पण 'तीस' हा एक शब्द माझ्या तोंडातून निघेना.

"बरं, अडीचशे. साठच्या साठ घेतो."

मी आणखी जोरात मान हलवली.

"तुम्ही फारच कडक आहात यार," तो हसून म्हणाला. "ठीक आहे, तीनशे फिक्स. पण ही पाटी पण घेऊन जाणार."

त्याने अठरा हजार मोजून माझ्या हातावर ठेवले, रोपं टेम्पोत भरली, वर पाटी ठेवली, एक कार्ड दिलं आणि गेला. मी तो टेम्पो सिग्नलपर्यंत जाताना बघत उभी होते. तोंडात 'तीस' तसाच होता.

काका परत आले तेव्हा मी पाटीवर लिहिलं, 'अबोल्या सगळ्या गेल्या. पैसे डब्यात.' काकांनी डबा उघडला आणि बराच वेळ डब्यातच बघत राहिले.

"इतके कोणी दिले?"

मी जीव एकवटून बोलले, "त्यांनीच दिले, बागवाल्यांनी."

"लग्नवाल्यांनी? हां. तेंका पैशाचा काय."

मी दुरुस्त केलं नाही. ते माझं खरं पाप. टिंबाचं नव्हे, त्याचं मला तेव्हा काही माहीतच नव्हतं. पण तीनशे जास्त आहेत हे माहीत होतं आणि मी गप्प बसले.

काकांनी नर्सरीवर नवी हिरवी जाळी घातली. मला दोन हजार वर दिले. मी टेबलफॅन घेतला. असल्फ्याला डोंगरावर आमची खोली आहे, वर पत्रा. त्या उन्हाळ्यात मुलगी पहिल्यांदा दुपारी झोपली. फॅन फिरायला लागला की मला मात्र अबोली आठवायची.

पावसाळ्यानंतरची गोष्ट. काका रोज हजेरीनंतर चहा घेताना पेपर वाचायचे, मोठ्याने, म्हणजे झाडांनाही कळावं. बागांच्या, फुलांच्या बातम्या खास. कुठे कुणाच्या गच्चीत नऊ किलोचा भोपळा झाला, कुठे एका सोसायटीत तुळशीच्या कुंडीवरून दोन मजल्यांचं भांडण झालं. त्या दिवशी त्यांनी वाचलं:

"मनोरीच्या बंगल्यात बहरली घाटातली आंबोली." ते खूश झाले. आंबोली म्हणजे त्यांच्याच जिल्ह्यातला घाट. "वाचतंय, आयका सगळ्यांनी. 'आंबोली घाटातील ही दुर्मीळ वनस्पती प्रथमच मुंबईत फुलली आहे. दिसायला ती थेट साध्या अबोलीसारखी आहे. फुलांचा रंगही तोच, पानंही तशीच. मात्र जाणकारांच्या मते ती अबोली नव्हे.'"

काका हसायला लागले. "दिसता अबोलीसारखी, रंग अबोलीसारखो, पानां अबोलीसारखी, आणि अबोली नव्हे! मगे काय, केळ?" हसता हसता त्यांनी फोटो जवळ धरला.

मी त्यांच्या खांद्यावरून पाहिलं. केशरी फुलांची रांग, आणि रांगेच्या टोकाला पत्र्याची पाटी. माझी पाटी. माझं अक्षर पेपरात छापून आलं होतं. 'अंबोली', वर ते टिंब, चांगलं ठळक.

काकांचं हसणं थांबलं.

"ह्या काय?" त्यांनी बोट ठेवलं. "आंबोली? की आंबोळी? आंबोळी झाडार लागतत काय गो?"

आंबोळी म्हणजे त्यांच्याकडचा तांदळाचा डोसा. मी खडू उचलला.

"तुका नाय, त्या टिंबाक इचारतंय!"

मग मी सगळं लिहून दिलं. चार पाट्या लागल्या. तीन बोटं, मान हलवणं, घाटावरची, सगळं. काका एकेक वाचत गेले. दर पाटी वाचून झाली की पुसायची, ही आमची पद्धत. त्या दिवशी त्यांनी एकही पुसली नाही, ओळीने भिंतीला उभ्या केल्या.

तुम्हाला वाटेल, एवढं काय. झाड जगलं, फुललं, पेपरात आलं, सगळे खूश. पण काकांच्या कारखान्यात सगळ्यात मोठा गुन्हा चोरी नव्हता. दुसऱ्याचं कार्ड पंच करणं हा होता. एकदा त्यांच्या सख्ख्या मेहुण्याने मित्राचं कार्ड पंच केलं. काकांनी तिथल्या तिथे नाव लिहिलं. मेहुण्याचा दिवसाचा पगार गेला आणि काकी दोन महिने काकांशी बोलल्या नाहीत. "बऱ्या कानाच्या बाजूनेच बोलत नव्हती," असं काका सांगायचे.

"अबोली दुसऱ्याच्या कार्डार कामाक लागली," ते आता म्हणाले. "आणि तेचो पगार मी खाल्लंय. पैशे परत करूचे लागतले. सगळे."

त्यांनी कार्डावरच्या नंबरवर फोन लावला. तो लॅण्डस्केपवाला इतक्या मोठ्याने बोलत होता की मलाही ऐकू येत होतं.

"काका, गप्प राहा ना यार! पेपरात आलंय! मला त्यावर तीन कामं मिळालीत. माझी वाट लावाल तुम्ही."

"ती अबोली आहे," काका शुद्ध मराठीत म्हणाले. "मी स्वतः तिच्या फांद्या आणल्या होत्या."

"कुठून आणल्या?"

काका खोटं बोलत नसत. "अंधेरीहून," ते म्हणाले. "एका बाईंच्या दारातून. आंबोली नाक्याजवळ."

मग तो आनंदाने ओरडला, "म्हणजे आंबोलीचीच झाली ना! झकास! मग खोटं कुठे आहे?"

काकांनी फोन ठेवला. "नाव एक, कार्ड एक," ते म्हणाले, "पण माणूस दुसरो."

मग माझी चौकशी झाली. कारखान्यात व्हायची तशी. काका खुर्चीवर, मी समोर उभी, बाजूला साक्षीदार म्हणून जास्वंद. मी आधीच ब्रश आणि रंगाचा डबा त्यांच्या पायाशी ठेवला होता. मला वाटलं, लिहिण्याचं काम आता गेलं. ते गेलं की आम्ही बोलणार कसं, आणि बोलता आलं नाही तर मी इथे राहणार कशी.

काकांनी हजेरीबुकात लिहिता लिहिता वाचून दाखवलं. "आरोपीने एक टिंब जादा दिले. आरोपी चौथी पास आहे. टाइमकीपर मॅट्रिक पास आहे आणि तो पाटी न तपासता रजेवर गेला. दोघेही दोषी. शिक्षा: आरोपीने अबोलीच्या साठ पाट्या लिहाव्यात, बिनटिंबाच्या, आणि मनोरीला जाऊन प्रत्येक रोपापाशी स्वतः लावाव्यात." मग ब्रश उचलून माझ्या हातात दिला. "घे. रंग सुकूक वेळ लागता."

मी साठ पाट्या लिहिल्या. प्रत्येक वेळी हात अ वर जाऊन थांबायचा.

रविवारी आम्ही मार्व्याहून बोटीत बसलो. माझ्या मांडीवर पाट्यांची पिशवी, काकांच्या खिशात सहा हजार दोनशे. एवढेच उरले होते, बाकीचे जाळीत आणि फॅनमध्ये. अठराशे खरी किंमत सोडली तर सोळा हजार दोनशे द्यायचे होते. एका टिंबाचे. काकांनी समोरच्या मासळीवाल्या बाईला पेपरातली बातमी दाखवली. तिने फोटो पाहिला आणि मान फिरवून आपला अंबाडा दाखवला. त्यावर अबोलीचा गजरा होता. काका म्हणाले, "जाणकार भेटलो."

बंगल्याच्या बाई सत्तरीच्या होत्या, अर्ध्या चड्डीत, हातात खुरपं. त्यांचा जन्म परदेशी नोकरीत गेला होता आणि मराठी वापरून बरीच वर्षं झाली असावीत. काकांनी नमस्कार केला आणि मला पुढे ढकललं. "हिच्याकडून ऐका. मी तेव्हा रजेवर होतो."

बाई माझ्याकडे बघत राहिल्या. मी तोंड उघडलं. काही आलं नाही. समुद्राचा आवाज येत होता, तोही मोठा वाटायला लागला. शेवटी मी पिशवीतून एक कोरी पाटी काढली, खडूने लिहिलं आणि दिली.

'ही साधी अबोली आहे. टिंब माझं.'

बाईंनी दोनदा वाचलं. मग फुलांकडे पाहिलं, मोठ्या पाटीकडे पाहिलं, आणि त्यांना असं हसू फुटलं की त्या खुरपं टाकून खालीच बसल्या. "म्हणजे मी लोकांना तिकीट काढून बोटीतून बोलावते," त्या म्हणाल्या, "ते हे बघायला?" मग डोळे पुसत म्हणाल्या, "जाऊ दे हो. मला फुलं आवडतात. पैसे नकोत."

"मलाही नकोत," काका म्हणाले. "तुम्हाला घ्यावेच लागतील. नाहीतर ही रोपं मी परत नेतो."

बराच वाद झाला. बाई हरल्या. लॅण्डस्केपवाल्याने त्यांना रोपामागे किती लावले होते ते त्यांनी सांगितलं नाही, "त्याच्याकडे मी बघते" एवढंच म्हणाल्या. पुढच्या खेपेला आम्ही गेलो तेव्हा तो तिथे फुकट पाण्याच्या नळ्या घालत बसला होता आणि काकांना बघून त्याने मान दुसरीकडे वळवली.

खिशातले सगळे तिथेच दिले, राहिलेले दहा हजार दर महिन्याला हजार असे द्यायचे ठरले. बाई म्हणाल्या, मोबाईलवरून पाठवा. काकांना ते पटलं नाही. "पैसे घेताना माणसाने तोंडाने 'मिळाले' म्हणायला पाहिजे." त्यामुळे आम्ही दर महिन्याच्या पहिल्या रविवारी बोटीने मनोरीला जायचो. बाई पैसे घेऊन "मिळाले" म्हणायच्या. मग काका हजेरीबुक काढून साठ अबोलींची हजेरी घ्यायचे, कारण त्यांच्या मते ही रोपं विकली गेली नव्हती, पैसे फिटेपर्यंत डेप्युटेशनवर होती. बाई चहा करायच्या. चौथ्या महिन्यापासून त्या हजेरीला "हजर" म्हणायला लागल्या, झाडांच्या वतीने.

मोठी पाटी मात्र त्यांनी काढू दिली नाही. मी एकदा ते टिंब नखाने खरवडायला गेले तर म्हणाल्या, "खबरदार. त्याचे पैसे मी दिलेत. फिटेपर्यंत ते माझं आहे."

आठ हप्ते झाले आणि कारखान्याची जागा विकली गेली. भिंत पडणार होती. काकांनी एका महिन्यात सगळ्या झाडांची बदली केली. प्रत्येकाची मुलाखत घेऊनच, घाईतही सोडलं नाही. शेवटच्या दिवशी नर्सरीत फक्त खुर्ची आणि नळ उरला होता. काका गावी जाणार होते, कायमचे. जाताना खिशातून दोन हजार काढायला लागले. "ह्ये शेवटचे दोन हप्ते. तू देऊन ये."

मी त्यांच्या उजव्या बाजूला गेले. पाच वर्षांत पहिल्यांदा. पाटी घेतली नाही.

"ते दोन हजार माझे," मी म्हणाले. "फॅनचे. मी देणार."

काकांनी माझ्याकडे पाहिलं. "मोठ्यान सांग."

मी परत सांगितलं. त्यांनी पैसे खिशात ठेवले. हजेरीबुक बगलेत मारलं आणि गेले. त्या पुस्तकात माझंही नाव होतं, पण ते काका मोठ्याने कधी वाचत नसत, म्हणून मला खूप उशिरा कळलं होतं. मोगरा, जास्वंद यांच्या खाली, पहिल्या दिवसापासून. 'अबोली (मोठी), एक. हजर.'

आता मी मरोळलाच एका सोसायटीच्या बागेत कामाला आहे. दोन हजार साठायला चार महिने लागले. गेल्या रविवारी मी एकटी बोटीने मनोरीला गेले. बाईंच्या हातावर पैसे ठेवले. त्यांनी मोजले, काकांच्या सवयीप्रमाणे दोनदा, आणि म्हणाल्या, "मिळाले. सगळे मिळाले." मग स्वतःच मोठ्या पाटीकडे बोट दाखवलं. "आता ते तुझं."

मी दोन रुपयांच्या नाण्याने ते टिंब खरवडून काढलं. पांढरा रंग होता, नखाखाली थोडा राहिला.

धक्क्यावर बोटीची रांग होती. मी काकांना फोन लावला.

"काका, पैसे दिले."

"काय? आयकाक येना नाय."

"पैसे दिले. आज दिले."

"मोठ्यान बोल गो!"

रांगेतली माणसं माझ्याकडे बघत होती. टोपलीवाल्या बाया, सायकली धरलेले लोक, तिकीट फाडणारा. मी डोळे मिटून घेतले आणि ओरडले.

"काका! अबोलीचे सगळे पैसे फिटले!"

सगळा धक्का गप्प झाला. पलीकडून काका म्हणाले, "हां. आत्ता आयकाक इला."